कोब्यात मुरलेली शाई

गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांनी मराठी माणसाला जेवढं छापील वाचायला दिलं, तेवढं दुसऱ्या एखाद्या वस्तीने क्वचितच दिलं असेल. गणपत कृष्णाजींचं १८३१चं छापील पंचांग याच शहरातलं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना कोलभाट लेनमध्ये होता, कर्नाटक प्रेस ठाकुरद्वारला, मौज प्रिंटिंग ब्युरो खटाववाडीत. या नामांकित घरांच्या अवतीभवती लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि नाटकांची हँडबिलं छापणारे लहान ट्रेडल छापखाने. यंत्रं जड, म्हणून छापखाना बहुधा तळमजल्यावर. तळमजल्याला शहाबादी फरशी नाहीतर सिमेंटचा कोबा. आणि खिळ्यांचे फर्मे, रूळ, चिंध्या, डबे यांच्या रोजच्या राबत्यात त्या कोब्यावर सांडत गेलेली शाई. यांतले बरेच छापखाने आता उठले. काहींनी लोअर परळच्या औद्योगिक वसाहतींत गाळे घेतले, काही तिथूनही पुढे गेले. जागा मात्र राहते. तिथे दवाखाना येतो, शिकवणीचे वर्ग येतात, कुरिअरचं ऑफिस येतं, आणि सामान लागण्याआधी पहिली सूचना निघते की जमिनीवरचे हे काळे-निळे डाग तेवढे काढून टाका.

सूचना साधी आहे, पण ती ज्या गृहीतावर उभी आहे ते चुकीचं आहे. शाई क्वचितच नाहीशी होते. बहुतेक वेळा ती फक्त जागा बदलते. कोब्यात आणखी खोल जाते, घासणाऱ्याच्या फुप्फुसात जाते, हाताच्या कातडीत शिरते, गल्लीच्या गटारात उतरते, किंवा कोरड्या मातीच्या ढेपेत येऊन बसते. कोणत्या उपायाने शाई कुठे जाणार आहे हे ठरवल्याशिवाय डागाला हात लावू नये, आणि ही कसोटी लावली की आपल्याकडचे सर्वांत रूढ उपाय, म्हणजे ॲसिड, रॉकेल, तारेचा ब्रश आणि बादलीभर पाणी, एकामागून एक नापास होतात, असं माझं म्हणणं आहे. सुरक्षित सफाई म्हणजे नुसते हातमोजे चढवणं नव्हे. जमीन शाबूत राहिली का, काम करणारा माणूस शाबूत राहिला का, आणि पाणी बिघडलं का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र द्यावी लागतात.

आधी शाई कोब्यात शिरते कशी ते पाहायला हवं. सिमेंट आवळून येताना त्यात घातलेलं सगळं पाणी बांधलं जात नाही. उरलेलं पाणी हळूहळू सुकतं आणि आपल्यामागे केसाहून बारीक वाटांचं जाळं ठेवून जातं. घोटलेला कोबा वरून कितीही तुळतुळीत दिसला तरी आत हे जाळं असतंच, आणि पातळ द्रव त्यात आपोआप ओढला जातो. दुसरी गोष्ट चुन्याची. सिमेंट घट्ट होताना त्यात चुना तयार होतो; ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३च्या घरात असतो. वर्षं जातील तसा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरचा थर चुनखडीसारखा होतो आणि त्याचा सामू ९च्या आसपास उतरतो. म्हणजे जुन्या छापखान्याची जमीन ही वरून चुनखडी, आतून जहाल अल्कली आणि सगळीकडून सच्छिद्र अशी वस्तू आहे.

चुनखडी आणि तेलकट शाई यांचं नातं मुद्रकांना आपल्या आधीपासून ठाऊक होतं, कारण शिळाछापाचं सगळं तंत्र त्यावरच उभं होतं. आलॉइस झेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास बव्हेरियात शोधलेली ही पद्धत मुंबईत १८२०च्या दशकात वापरात आली. राजा रविवर्म्याची देवादिकांची चित्रं १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या ज्या छापखान्यातून घराघरांत गेली, तोही शिळाछापच. चुनखडीच्या सपाट दगडावर स्निग्ध खडूने रेखाटलं की त्यातली मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा एक साबण तिथे तयार होतो. मग त्या जागी पाणी ठरत नाही, शाई ठरते. हा संयोग इतका पक्का असे, की तोच दगड पुढच्या चित्राला घ्यायचा तर पुसून भागत नसे. वाळू आणि पाणी घालून एका दगडावर दुसरा दगड फिरवत वरचा थर झिजवूनच काढावा लागे. छापखान्याची काळी शाई म्हणजे उकळून दाट केलेल्या जवसाच्या तेलात घोटलेली काजळी. ती कोब्यावर सांडून तशीच राहिली, तर तिच्यातल्या तेलाचं चुन्याशी असंच काहीसं होतं. शिवाय जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की साध्या रॉकेलला दाद देत नाही. जमिनीवरचा डाग 'वर' आहे असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो जमिनीचा भाग होऊन बसलेला असतो, आणि म्हणूनच त्यावर जोर चालवला की जमिनीवरच चालतो.

ॲसिडचं हेच होतं. मोरी साफ करायला मिळणारं ॲसिड हे हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते कोब्यावर ओतलं की फेस येतो, आणि फेस आला म्हणजे डाग सुटतोय असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो फेस चुनखडीतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. विरघळत असते ती जमीन. काजळी हा शुद्ध कार्बन, त्याला हे आम्ल काहीही करत नाही. वरचा सिमेंटचा थर निघून गेला की त्याच्यासोबत थोडी शाई जाते आणि खालची वाळू उघडी पडते. घोटलेला बंद पृष्ठभाग गेल्यामुळे ती जमीन पुढच्या प्रत्येक सांडलेल्या थेंबाला आधीपेक्षा अधिक आसुसलेली असते. रबरी शिक्क्याच्या पॅडमधल्या जांभळ्या शाईच्या बाबतीत तर ॲसिड चक्क फसवतं. मिथिल व्हायोलेट जातीचा हा रंग तीव्र आम्लात हिरवट-पिवळा होतो आणि डाग गेल्यासारखा दिसतो. पण कोब्यातला चुना ॲसिड मारून टाकतो, सामू वर येतो आणि जांभळा रंग परततो. मग पुन्हा ॲसिड. प्रत्येक फेरीला जमीन थोडी कमी होत जाते.

ॲसिडने आणखी एक गोष्ट आत जाते, तिचा विचार मुंबईत तरी व्हायलाच हवा. हायड्रोक्लोरिक आम्ल चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड बनवतं, आणि क्लोराइड हा काँक्रीटमधल्या सळईचा जुना वैरी आहे. चुन्याच्या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर असतो. क्लोराइड तो थर फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि छताला पोपडे धरतात. समुद्राची खारी हवा हे काम मुंबईत न सांगता करतच असते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी आणि शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. म्हणजे मध्य मुंबईतलं काँक्रीट आता शंभरीचं आहे. इतक्या वयाच्या, आधीच चिरा गेलेल्या सळईबंद स्लॅबवर, आणि तो स्लॅब खालच्या बिऱ्हाडाचं छत असताना, एका डागासाठी क्लोराइड ओतणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. शिवाय ते ओतणारा माणूस असतो. बंद खोलीत त्या वाफा डोळ्यांना आणि घशाला जाळतात, आणि चप्पल घालून ओणव्याने घासणाऱ्याच्या पायांवर शिंतोडे उडतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आणि विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवली पाहिजे असं बजावलं, ते ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भात. पण जी वस्तू नोंद केल्याशिवाय विकू नये इतकी घातक मानली गेली, ती घरकामाच्या बाईच्या हाती मुकाट्याने देऊ नये, एवढा बोध सफाईच्या संदर्भातही घ्यायला हरकत नाही.

रॉकेलची बाजू ॲसिडहून बरी आहे. छापखान्यात रूळ आणि खिळे धुवायला रॉकेल वापरलं जाई आणि धातूवर ते नीट काम करतं, कारण धातूला छिद्रं नसतात. विरघळलेली शाई चिंधीवर येण्यावाचून तिला दुसरी वाट नसते. कोब्यावर तेच रॉकेल ओतलं की दाट शाई पातळ होते आणि पातळ झालेला पदार्थ बारीक वाटांतून अधिक खोल उतरतो. वरचा काळेपणा फिका पडतो, डागाचा घेर वाढतो, आणि पुढे उन्हाळ्यात किंवा जमीन ओली झाल्यावर तेलकट सावली पुन्हा वर येते. म्हणून शाई नुकती सांडली असेल तर पुसायचीसुद्धा घाई करू नये. पुसण्याने ती पसरते आणि दाबली जाते. लाकडाचा भुसा किंवा शंखजिऱ्याची पूड तिच्यावर टाकायची, कडेकडून मध्याकडे गोळा करत पत्र्याने उचलायची, आणि उरलेली कोऱ्या कागदाने टिपायची. पुसलेल्या चिंध्यांबद्दलही छापखान्यातले जुने लोक दक्ष असत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर तो आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो. पत्र्याचा झाकणाचा डबा आणि त्यात पाणी, एवढ्याने हा धोका टळतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. शाई केवळ जागा बदलते हे सगळीकडे खरं नाही. ब्लीचिंग पावडर रंग खरोखरच मोडते. मान्य आहे. ज्या शाईचा रंग सेंद्रिय रंगद्रव्यातून येतो, उदाहरणार्थ शिक्क्याची जांभळी किंवा फाउंटन पेनमधली बरीचशी निळी, तिच्या रेणूतला रंग देणारा भाग हायपोक्लोराइटने तुटतो आणि रंग जातो. सोडियम परबोरेट किंवा परकार्बोनेटसारखे कपड्यांच्या पावडरीत असणारे प्राणवायू सोडणारे क्षार हेच काम सावकाश आणि कमी घातकपणे करतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी. पण काजळीवर ब्लीच चालत नाही. ऑफसेट आणि फ्लेक्सच्या शाईत असणाऱ्या थॅलोसायनिन निळ्यावरही ते फारसं चालत नाही. तो रंग टिकाऊ म्हणूनच वापरला जातो. निळ्या-काळ्या शाईतला लोहाचा अंश ब्लीचने जात नाही, उलट गंजासारखा पिवळट ठसा मागे राहतो. प्रशियन निळा अल्कलीत मोडतो, त्यावर अमोनियाचं पाणी चालतं, पण तिथेही लोहाची तपकिरी छटा राहू शकते. चांदीचे क्षार असलेल्या पक्क्या शाईलाही जुन्या हस्तपुस्तिका अमोनियाच सुचवतात. म्हणजे एकाच जमिनीवर शेजारी शेजारी पडलेल्या दोन डागांपैकी एकाला ब्लीच लागतं आणि दुसऱ्याला अमोनिया, आणि हे दोन एकमेकांना भेटले तर फुप्फुसं जाळणारे क्लोरामाइन वायू निघतात. ब्लीच आणि ॲसिड भेटले तर क्लोरीन निघतो. एका उपायाने गेलं नाही म्हणून त्याच ओल्या जागेवर लगेच दुसरा उपाय करणं ही आपल्याकडची सर्वांत धोक्याची सवय आहे, आणि कोब्याच्या बाबतीत तर ती अधिकच धोक्याची, कारण आधीचं रसायन वरून पुसलं तरी छिद्रांत शिल्लक असतं. डाग कसला आहे हे कळल्याशिवाय बाटली उघडू नये. पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर एकदा पाणी आणि दुसऱ्यांदा स्पिरिट घेऊन डागाची कड टिपली तरी बरंच कळतं: पाण्याने रंग उतरला तर लिहिण्याची शाई, स्पिरिटने उतरला तर बहुधा मार्कर किंवा शिक्का, आणि दोन्हींनी बोळा कोराच राहिला तर सुकलेली तेलाची शाई.

आता जो उपाय या कसोटीला उतरतो त्याकडे येतो. तो म्हणजे लेप. दगडी मूर्ती आणि संगमरवर जपणारे संवर्धक तो वापरतातच, काँक्रीटलाही तो तसाच लागू पडतो. पांढरी, शोषून घेणारी पूड घ्यायची, डाग ज्यात विरघळतो त्या द्रवात ती कालवायची, आणि दाट लगदा डागावर आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटं असा सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर जाड थापायचा. वर प्लास्टिकचा कागद लावून कडा चिकटवून टाकायच्या. दिवसभर द्रव कोब्यात उतरून शाई सैल करतो. नंतर प्लास्टिक काढलं की लेप वरून सुकू लागतो, आणि समईची वात तेल वर ओढते तसा तो शाई मिसळलेला द्रव छिद्रांतून आपल्याकडे ओढून घेतो. पूर्ण सुकला की लाकडी पट्टीने खरवडून काढायचा. शिक्क्याच्या आणि मार्करच्या शाईला डिनेचर्ड स्पिरिट किंवा ॲसिटोन. ताज्या तेलकट शाईला मिनरल टर्पेंटाइन. सुकून कडक झालेल्या जवसाच्या शाईला धुण्याच्या सोड्याचं किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटचं कडक पाणी, कारण अल्कली त्या तेलाला मोडते आणि कोबा स्वतःच अल्कलीचा असल्यामुळे त्याला इजा होत नाही. पूड म्हणून शंखजिरं किंवा पांढरी चिनी माती उत्तम. मुलतानी माती घरोघरी असते आणि शाडू तर लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत पोत्यांनी मिळते, पण दोन्हींत लोहाचा अंश असू शकतो आणि तो पिवळसर छटा मागे सोडतो. म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा करून बघावी. भुसा, कागद, कापूस यांसारख्या जळाऊ वस्तूंचा लेप ब्लीचिंग पावडरीत कधीही कालवू नये.

स्पिरिट आणि ॲसिटोनचा धोका वेगळा आहे आणि चाळीच्या खोलीत तो वाढतो. ॲसिटोन शून्याखालच्या तापमानालाही पेट घेईल इतकी वाफ देतं, आणि ती वाफ हवेच्या दुप्पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते. देव्हाऱ्यातलं निरांजन, शेजारच्या खोलीतली शेगडी, पाण्याच्या पंपाचं बटण, इतकं पुरतं. म्हणून एका वेळी वीतभर जागाच घ्यायची, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, आणि लेप सुकेपर्यंत त्या खोलीत ज्योत लावायची नाही की बटण दाबायचं नाही. हातमोजे घातले की झालं, हेही पुरेसं नाही; पातळ रबरी हातमोज्यांतून ॲसिटोन काही मिनिटांत आरपार जातं, म्हणून ते वरचेवर बदलावे लागतात. माळ्यावर किंवा खिडकी नसलेल्या गाळ्यात ॲसिटोन वापरूच नये. तिथे डाग राहिलेला बरा.

लेप फार वेळखाऊ आहे, एका फेरीत भागत नाही, आणि जागा पुढच्या महिन्यात ताब्यात द्यायची असते, ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकण्यासारखी वाटते. फेऱ्या तीन-चार लागू शकतात, तरीही जुना डाग पूर्ण न जाता राखाडी सावली उरू शकते. पण वेळ कोणाचा जातो हे पाहावं. ॲसिड आणि तारेचा ब्रश यांत वेळ थोडा आणि माणसाचा घाम फार. लेपात माणसाचं काम दोन वेळा अर्धा तास, बाकीचा वेळ माती काम करते. मजुरी हिशेबात धरली आणि ॲसिडने उघडी पडलेली जमीन पुन्हा घोटून घेण्याचा खर्चही धरला, तर स्वस्त काय ते उलटं दिसायला लागतं. दुसरा पर्याय यंत्राने घासून पॉलिश करण्याचा. शिळाछापाचा दगड असाच झिजवला जाई, हे मी वर म्हटलंच आहे. पण तो दगड जाड घेतला जाई, झिजण्यासाठीच घेतला जाई आणि ओला ठेवून झिजवला जाई. कोबा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा असतो आणि सहसा कोरडाच घासला जातो. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. जुन्या छापखान्याच्या जमिनीत त्याहून वाईट गोष्टी असू शकतात: खिळ्यांच्या मिश्रधातूतलं शिसं, आणि जुन्या पिवळ्या शाईतलं लेड क्रोमेट. ती शाई कोब्यात आहे तोवर निपचित असते. तिची धूळ करून खोलीभर उडवणारे आपणच असतो. अशा जमिनीवर मी घासण्याच्या ठाम विरोधात आहे. डाग तसाच ठेवून वरून पारदर्शक सीलर द्यावा, किंवा फरशी घालावी. मुलं रांगणार असतील तिथे तर नक्कीच.

डाग हा वारसा आहे, तो काढूच नये, असंही काहीजण म्हणतात. १८७९मध्ये सूत रंगवण्याच्या छोट्या कारखान्यातून बॉम्बे डाइंग उभी राहिली, आणि पुढे गिरणगावच्या रंगखात्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवलं. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उभारण्याचं काम महापालिकेने हाती घेतलं; अशा ठिकाणी जमिनीवरचा रंग हा पुरावा म्हणून जपण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण शिकवणीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाने किंवा दवाखान्यातल्या रुग्णाने आपल्या पायाखाली इतिहास सहन करावा अशी अपेक्षा करता येत नाही. मला पटतो तो मधला मार्ग: लेपाने जेवढी शाई निघेल तेवढी काढायची, आणि सावली उरली तर तिच्यामागे ॲसिड घेऊन लागायचं नाही. शंभर टक्के स्वच्छ जमिनीचा हट्ट हाच बहुतेक नुकसानाचं कारण असतो. पहिली ऐंशी टक्के शाई माती काढते, शेवटची वीस टक्के काढण्याच्या नादात कोबा जातो.

राहतं पाणी. एका खोलीच्या जमिनीवरून वाहून गेलेली वाटीभर शाई आणि बादलीभर ॲसिड, एवढ्याने समुद्राचं काय बिघडणार, गिरण्यांनी तर शंभर वर्षं रंग सोडला, असं म्हटलं जातं. गिरण्यांनी सोडला ही गोष्ट पुन्हा सोडण्याचं कारण होऊ शकत नाही. पण त्याहून मोठी अडचण भूगोलाची आहे. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं आणि मैल्याच्या वाहिन्या वेगळ्या. मोरीतलं पाणी उदंचन केंद्रांवाटे जातं, गल्लीच्या गटारात ओतलेलं मात्र कोणतंही शुद्धीकरण न होता समुद्राकडे निघतं. तेही निघालं तर. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितलं. दादर-परळच्या सीमेवरचा हिंदमाता बशीसारखा खोलगट, आणि भरतीच्या वेळी पाणी बाहेर जायला वाट नसते. तिथलं पाणी साठवण्यासाठी महापालिकेला दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या. म्हणजे ज्या वस्तीत गटारातलं पाणी पावसाळ्यात परत दारात येत आलं आहे, त्या वस्तीत 'गटारात गेलं म्हणजे गेलं' असं मानायला जागाच नाही. शाळेतून परतणारी मुलं त्याच पाण्यातून चालत येतात. शिवाय बंद गटारात ओतलेलं ॲसिटोन किंवा थिनर हा सरळ सरळ आगीचा धोका.

लेपाचा खरा फायदा इथे दिसतो. शेवटी हातात राहते ती सुकलेल्या मातीची ढेप आणि दोन-चार चिंध्या. स्पिरिट हवेत उडून गेलं, हे कबूल केलंच पाहिजे, आणि म्हणून ते कमीत कमी वापरायचं. पण रंग, काजळी, शिसं हे सगळं मोजता आणि बांधता येईल अशा घन रूपात समोर असतं. ते ओल्या कचऱ्यात टाकलं तर पुन्हा कचरा वेचणाऱ्याच्या उघड्या हातात जाणार, म्हणून डब्यात बंद करून, वर काय आहे ते लिहून वेगळं द्यायला हवं. ते द्यायचं कुठे हा प्रश्न छोट्या छापखान्याला आणि घरमालकाला अजून नीट सुटलेला नाही. कारखान्यांच्या बाबतीत शाई, रंग आणि रंगद्रव्यांचा कचरा २०१६च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे आणि तो तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात जाऊ शकतो. एका खोलीतून निघालेल्या किलोभर मातीसाठी तळोज्याला कोण जाणार? घरगुती घातक कचऱ्यासाठी २०१६च्याच घनकचरा नियमांनी दर वीस चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र असावं असं सांगितलं होतं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा बेटावरचा भाग सुमारे ६८ चौरस किलोमीटरचा. त्या हिशेबाने इथे किमान चार केंद्रं हवीत, आणि त्यांतलं एक गिरगावात आणि एक परळ-लालबागला, चालत जाता येईल अशा अंतरावर, पाटी लावून, ठरलेल्या वारी उघडं असायला हवं.